बिबट्याच्या मस्तकांतील नकाशा

जुन्नरचें नांव घेतांच वाचकांस शिवनेरी, नाणेघाट व लेणीं आठवतात. परंतु याच प्रदेशाच्या अलीकडील इतिहासांत एक प्रकरण असें आहे कीं, त्याचा उलगडा बखरींत होत नाहीं. त्यासाठीं मेंदूच्या शास्त्राकडे वळावें लागतें.

कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांत माणिकडोह, येडगांव, डिंभे इत्यादि धरणें झालीं आणि जुन्नर-आंबेगांवांत उसाचे फड पसरले. दाट आडोसा, पाटाचें पाणी, वस्तीवरचीं कुत्रीं व शेळ्या, एवढें मिळाल्यावर बिबट्या तेथेंच नांदूं लागला. माद्या उसांतच वितूं लागल्या. १९९३ ते २००१ या काळांत जुन्नर भागांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. त्यावर उपाय निघाला तो असा: पिंजरा लावावा, जनावर धरावें व दूरच्या रानांत सोडावें. याप्रमाणें २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेण्यांत आले. फळ मात्र उलटेंच आलें. २००१ ते २००३ मध्यें हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचें प्रमाण शेंकडा १८ वरून ३६ झालें. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं हा हिशेब २०११ सालीं प्रसिद्ध केला.

असें कां व्हावें? १९४८ सालीं एडवर्ड टोलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें प्रतिपादिलें कीं, उंदीर नुसतीं वळणें पाठ करीत नाहीं, तो सबंध जागेचा नकाशा मनांत रचतो. १९७१ सालीं जॉन ओकीफ व त्यांचे सहकारी यांनीं लंडन येथें उंदराच्या मेंदूंतील हिप्पोकॅम्पस या भागांत अशा पेशी दाखविल्या कीं, ज्या प्राणी ठराविक जागीं आला म्हणजेच जाग्या होतात. या शोधाबद्दल त्यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. प्रयोग उंदरांवरचे खरे. पण हा भाग सर्वच सस्तन प्राण्यांच्या मेंदूंत आहे. कोणत्या वस्तीवर कुत्रें आहे, माणसें केव्हां निजतात, ओढा कोठें ओलांडावा, हें बिबट्या वर्षानुवर्षें शिकतो. परक्या मुलुखांत ही विद्या निरुपयोगी ठरते. त्यांत धरपकडीचा ताण. अशा गोंधळलेल्या जनावराची गांठ माणसाशीं पडते.

२००९ सालीं टाकळी ढोकेश्वर येथें विहिरींतून काढलेला ‘आजोबा’ नामक बिबट्या, गळ्यांत यंत्र बांधून, माळशेज घाटांत सोडला गेला. तो तेथें थांबला नाहीं. महामार्ग व लोहमार्ग ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईजवळच्या रानांत पोंचला. तो मूळचा तिकडचाच असावा, असा तर्क आहे.

ज्या घरचें मूल फडाच्या कडेहून परत आलें नाहीं, त्या घरास धीर धरा म्हणून सांगण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, त्या घराच्याच हितासाठीं हा हिशेब विसरतां कामा नये. पिंजऱ्याची गाडी एका गांवाचें भय उचलून दुसऱ्या गांवच्या वेशीवर ठेवीत होती, आणि त्या दुसऱ्या गांवालाहि मुलें होतीं.