कोलारची सोन्याची वसाहत

कोलार म्हटले की आपणां मराठी मंडळींस शहाजीराजांची जहागीर आठवते. त्याच मुलखात १८८० मध्ये जॉन टेलर कंपनी सोने काढावयास आली आणि घर, पाणी, इस्पितळ, सारेच कंपनीचे झाले. १९०२ मध्ये शिवसमुद्रमची वीज तेथे पोचली. बंगळूर शहरास ती पुढे १९०५ मध्ये मिळाली! एकीकडे गोऱ्यांचे बंगले, क्लब, गोल्फचे मैदान. दुसरीकडे तमिळ-तेलुगू मजुरांच्या तट्ट्यांच्या झोपड्या. तीन किलोमीटरांहून खोल खाणीत अकस्मात खडक फुटे आणि माणसे गाडली जात. १९५६ मध्ये खाणी सरकारी झाल्या, २००१ मध्ये बंद पडल्या. परमुलखात कंपनीच्या क्वार्टरची किल्ली परत करण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी अनुभवला आहे. येथे तो अवघ्या गावावर आला. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घर आपले नव्हते. खाणकामगारांची मुले पहाटेच्या गाडीने बंगळूरला कामास जाऊ लागली.