हाय डेफिनिशन प्रक्षेपण : पारख

हाय डेफिनिशन (एचडी) हा चित्रातील तपशिलावर ठरणारा प्रक्षेपणाचा दर्जा आहे. पडद्याच्या रुंदीशी त्याचा थेट संबंध नाही. दूरदर्शनने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धा एचडीत दाखवल्या. स्टार प्रवाहची एचडी वाहिनी २०१६ मध्ये आली. मात्र अकोल्यापासून जामखेडपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यात कुठेही डीडी फ्री डिश लावली, तरी तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या (एसडी) दर्जाच्याच असतात. एसडी चित्रात ७२०×५७६, तर पूर्ण एचडीत १९२०×१०८० बिंदू, म्हणजे नेमके पाचपट असतात. एसडी चित्रही १६:९ आकारात पाठवता येते, म्हणून रुंद चित्र हा एचडीचा पुरावा ठरत नाही. उलट, ‘श्यामची आई’सारखा (१९५३) जुना चित्रपट मूळ फिल्मवरून नीट स्कॅन केला, तर चौकोनी राहूनही खरा एचडी ठरू शकतो.

टीव्हीवर ‘१०८०’ असे दिसते, मग शंका कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण तो आकडा केवळ येणाऱ्या सिग्नलचा असतो. सेट-टॉप बॉक्स किंवा स्टुडिओ एसडी चित्र ताणूनही तो गाठतो. वाहिनीचे बोधचिन्ह स्टुडिओत वरून चढवले जात असल्याने तेही रेखीव दिसते. म्हणून पारख मूळ चित्राची करावी : केसांच्या बटा, साडीचे काठ, गवताची पाती. ती सुटी दिसत नसतील, तर नावापुढे एचडी असूनही ते प्रक्षेपण खऱ्या अर्थाने एचडी नव्हे.