शेकोटीपासून ई-स्कूटरपर्यंत : विद्यापीठे आणि आग

#थ्रेड 🧵

१/ ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचा वाचक होताना आजही एक प्रतिज्ञा करावी लागते : येथे आग वा ज्योत आणणार नाही, पेटवणारही नाही. या शब्दांमागे विद्यापीठांचा शतकांचा धाक आहे. आज त्याच धाकापोटी परदेशांतील अनेक विद्यापीठे ई-स्कूटर इमारतीत आणू देत नाहीत.

२/ बोडलियन १६०२ मध्ये खुले झाले. १८४५ पर्यंत तेथे ऊब देणारी कोणतीही सोय नव्हती. जुन्या दालनांत कृत्रिम प्रकाश आला तो १९२९ मध्ये. वाचक हिवाळ्यात कुडकुडत आणि अंधारले की पुस्तक मिटत. गैरसोय पत्करली, पण ज्योत उंबरठ्याबाहेरच राहिली.

३/ अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथालयात मात्र शेकोटी होती. २४ जानेवारी १७६४ ची हिमवादळी रात्र. बॉस्टनमध्ये देवीची साथ, म्हणून मॅसेच्युसेट्सचे विधिमंडळ हार्वर्ड हॉलमध्ये भरत होते. त्या शेकोटीखालची तुळई धुमसत राहिली असावी. रात्री सारी इमारत पेटली.

४/ सुमारे ५,००० ग्रंथ जळाले. वाचले ते मुख्यतः वाचकांनी बाहेर नेलेले आणि नव्याने आलेले. जॉन हार्वर्डच्या १६३८ च्या देणगीतील सुमारे ४०० ग्रंथांपैकी एकच उरला. तो परत आणणाऱ्या विद्यार्थ्याची हकालपट्टी झाली, ही कथा रंजक खरी. पण तिला पुरावा नाही.

५/ पुढे वीज आली. ज्योत नसलेला प्रकाश! पण २७ ऑक्टोबर १८९५ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठात जेफरसनने आखलेला रोटंडा जळाला, आणि दोष सदोष वीजतारांना दिला गेला. मधला भाग उडवून आग तोडण्यासाठी एका प्राध्यापकाने डायनामाइट वापरले. तेही निष्फळ ठरले. विद्यार्थ्यांनी जेफरसनचा संगमरवरी पुतळा आणि हाती लागतील ती पुस्तके बाहेर काढली.

६/ आता आपल्या काळात या. २०१५ च्या अखेरीस अमेरिकी वसतिगृहांत हॉवरबोर्ड अवतरले आणि पेटूही लागले. अनेक विद्यापीठांनी त्यांवर बंदी घातली. जुलै २०१६ मध्ये सुमारे ५ लाख हॉवरबोर्ड बाजारातून परत मागवले गेले. त्याच वर्षी आलेल्या ‘यूएल २२७२’ या सुरक्षामानकाच्या कक्षेत पुढे ई-स्कूटरही आल्या. लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीत आगीच्या घटनांनंतर १३ डिसेंबर २०२१ पासून खासगी ई-स्कूटर आणण्यास मनाई झाली.

७/ कारण लिथियम-आयन बॅटरीच्या स्वभावात आहे. आघात, सदोष घडण वा चुकीचा चार्जर यांमुळे एक सेल बेसुमार तापतो. त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. ज्वलनशील, विषारी वायू बाहेर पडतात. विझलेली वाटणारी बॅटरी काही तासांनी पुन्हा भडकू शकते.

८/ म्हणून प्रश्न वाहनापुरता नाही, जागेचाही आहे. मोकळ्या अंगणात जळालेली स्कूटर हे नुकसान असते. जिन्याखाली जळालेली स्कूटर वरच्या मजल्यांचा सुटकेचा मार्गच बंद करते.

९/ हार्वर्डची आग लागली तेव्हा हिवाळी सुट्टी होती आणि विद्यार्थी घरी गेले होते. तो योगायोग होता, व्यवस्था नव्हे.

१०/ हे लिहीत असताना आमच्या वसतिगृहाच्या एकुलत्या एका जिन्याखाली एक ई-स्कूटर चार्ज होत आहे. कोणी बॅटरी काढून खोलीत नेतो आणि रात्रभर उशाशी चार्जिंगला लावतो. बहुतेक ठिकाणी नियम राखेतून जन्मले. बोडलियनने मात्र तो आधी लिहिला. आज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या जिन्याखाली एकदा डोकावून पाहा.