चंचल मुलाच्या नावाचा इतिहास

झाशीच्या बडा बाजारासारख्या गजबजलेल्या पेठेत वर्गाच्या खिडकीशी बसलेल्या मुलाचे लक्ष रस्त्याकडे जाणे स्वाभाविकच. काही मुलांना मात्र शांत वर्गातही चित्त स्थिर ठेवता येत नाही. अशांना शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या ‘व्रात्य’ ठरवून बाकावर उभे केले.

१९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांची बुद्धी शाबूत असू शकते, हे आपल्या व्याख्यानांतून मांडले. तरीही उणीव त्यांना नैतिक संयमातच दिसली. १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘अवधान-न्यूनता’ हे नाव स्वीकारले. १९८७ मध्ये त्यास अतिचंचलता जोडली गेली; तोच आजचा एडीएचडी.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातील २१ प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडीचे नाव नाही. त्यामुळे या मुलांचा भार प्रामुख्याने वर्गशिक्षकांवरच येतो. पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, गृहपाठाचे लहान भाग, फळा पुसण्याच्या निमित्ताने उठण्याची मुभा, एवढ्यानेही पुष्कळ साधते. हीरक महोत्सव साजरा करताना शाळेने जुन्या हजेरीपटातील, बाकावर उभी राहिलेली ती मुलेही आठवावीत.