चांदीचा डाग आणि त्याचे मोजमाप

चांदी ही आपल्याकडे शुभ मानलेली धातू आहे. बाळाला दूध पाजावयाची वाटी चांदीची, देवापुढचे निरांजन चांदीचे. या धातूने माणसाची कातडी निळी पडेल असे मनातही येत नाही. आणि भांड्यातल्या चांदीने ती पडत नाहीच. पण हीच चांदी क्षाररूपाने, औषध म्हणून, वर्षानुवर्षे शरीरात गेली म्हणजे चेहरा राखी-निळा होतो आणि जन्मभर तसाच राहतो. वैद्यकात या विकारास ‘अर्जिरिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘आर्गिरोस’ म्हणजे चांदी. हा डाग मापावा कसा, या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

चांदी पोटात गेली ती चंद्राच्या नावाने. युरोपातील किमयागार चांदीला चंद्राची धातू मानीत, आणि अपस्माराचे झटके चंद्राच्या कलांनुसार येतात अशी समजूत होती. तेव्हा चंद्राच्या रोगाला चंद्राचे औषध, या न्यायाने अपस्माराच्या रोग्यांस सिल्व्हर नायट्रेट देण्यात येई. ही चाल एकोणिसाव्या शतकातही टिकून होती. झटके थांबोत वा न थांबोत, कित्येकांची तोंडे मात्र निळी पडली.

तरीही चांदीला नुसता दोष देणे अन्यायाचे होईल. लायपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे यांनी १८८० साली नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या शेकडा २ द्रावणाचा थेंब घालावयास आरंभ केला. जन्मसमयी जडणारा जो नेत्रदाह तेथे शेकडा दहाच्या आसपास बालकांना होई, तो शेकडा एकाच्याही खाली आला. पण हा उपकार एका थेंबाचा, आणि तोही एकदाच घातलेल्या. १९०२ साली अमेरिकेत अल्बर्ट बार्न्स व हर्मन हिल यांनी ‘आर्गिरॉल’ हे चांदीचे सौम्य औषध बाजारात आणले. मग नाकाघशाच्या तक्रारींवरही लोक चांदीचे थेंब वापरू लागले, आणि थेंबांचा हिशेब कोणी ठेवीना.

शरीरात गेलेला क्षार रक्तावाटे कातडीत पोचतो आणि उजेडाने त्याचे काळे कण बनतात. छायाचित्राच्या काचेवर घडते तसेच. म्हणून झाकलेल्या अंगापेक्षा चेहरा, मान व हात अधिक काळवंडतात. वैद्य प्रथम दोन भेद करतात: चांदी लागली तेवढ्याच जागेचा डाग, आणि सर्वांगाचा डाग. दुसऱ्याच्या पायऱ्या लावता येतात. आधी हिरड्यांवर राखी छटा, नखांच्या मुळाशी निळसर कोर, मग उघडे अंग, अखेरीस पाटीसारखा रंग.

पण नुसत्या डोळ्यांना दिसणारा रंग मूळच्या वर्णाप्रमाणे बदलतो. म्हणून १९३५ साली गॉल व स्टॉड या अमेरिकन संशोधकांनी दहा रोग्यांच्या कातडीचे तुकडे वर्णपटदर्शकाने तपासले आणि साठलेल्या चांदीच्या प्रमाणावरून त्यांची प्रतवारी लावली. चांदी जितकी जास्त, रंग तितका गडद, असे सिद्ध झाले. उपदंशावर ‘सिल्व्हर आर्स्फेनामाइन’च्या सुया घेतलेल्या रोग्यांत कोणी एकूण ४ ग्रॅमनंतर, तर कोणी २० ग्रॅमनंतर निळा पडला होता. साधारण ८ ग्रॅमनंतर डाग दिसू लागतो, असा त्यांनी निष्कर्ष काढला. १९३९ साली हिल व पिल्सबरी यांचा ग्रंथही याच आकड्यावर आला.

हा आकडा एका दिवसाचा नव्हे, अनेक वर्षांच्या बेरजेचा आहे. या खात्यात जमा भराभर होते, खर्च मात्र फार थोडा. पहिली छटा दिसते तेव्हा बेरीज पुरी झालेली असते. म्हणून तीव्रतेची पायरी ही सूचना नसून निकाल असतो. सूचना मिळते ती एकूण मात्रेच्या हिशेबातून. ४ ग्रॅमच्या त्या रोग्याच्या अंगात सुमारे १ ग्रॅम चांदी गेली होती. त्यावरूनच अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने पुढे रोजची मर्यादा ठरविली: शरीराच्या दर किलो वजनामागे ५ मायक्रोग्रॅम.

१९९९ साली तेथील औषध-नियामकांनी चांदीच्या पाण्याची औषधे सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत, असा नियम केला. त्याच वर्षी मोंटाना राज्यातील एक गृहस्थ, नव्या सहस्रकारंभी औषधांचा तुटवडा पडेल या भीतीने, घरी चांदीचे पाणी करून पिऊ लागले. २००२ साली सिनेटच्या निवडणुकीस ते उभे राहिले ते निळ्या चेहऱ्यानेच. आज लेसर किरणांनी काही रोग्यांचा डाग फिका करता येतो. तरी कोणी असे पाणी पुढे केले, तर आज किती घ्यावे एवढेच विचारून भागणार नाही. आजवर एकूण किती गेले, हे आधी विचारावे.