नव्वद हजार ठोक्यांचे घड्याळ

२ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही कॅमेरे बसवण्याचे निर्देश दिले. असे चित्रण पुरावा म्हणून पुढे येते, तेव्हा एक प्रश्न अटळ असतो: हे दृश्य नेमके किती वाजताचे? उत्तर वाटते तितके सरळ नाही, कारण चित्रप्रवाहात दोन घड्याळे चालतात.

पहिले घड्याळ जानेवारी १९९६ मधले. हेनिंग शुल्झरिन आणि सहकाऱ्यांनी तेव्हा ‘आरटीपी’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक पॅकेटवर वेळखूण असते आणि व्हिडिओसाठी ती सामान्यतः सेकंदाला ९०,००० ठोके मोजते. २४, २५ आणि ३० या चित्रगतींनी या संख्येला निःशेष भाग जातो. सेकंदाला २५ चित्रे असतील, तर लागोपाठच्या दोन चित्रांत ३,६०० ठोक्यांचे अंतर पडते. मोजणी मात्र यादृच्छिक आकड्यापासून सुरू होते. त्यामुळे ‘किती वेळाने’ हे कळते, ‘किती वाजता’ हे कळत नाही.

ती उणीव दुसरे घड्याळ भरून काढते. डेव्हिड मिल्स यांच्या १९८५ च्या ‘एनटीपी’ची वेळ १ जानेवारी १९०० पासून मोजली जाते. कॅमेरा अधूनमधून एक अहवाल पाठवतो. त्यात दोन्ही घड्याळांची त्या क्षणाची वेळ शेजारी शेजारी असते. ध्वनी आणि चित्र यांचा मेळही याच अहवालावर बसतो.

एका कॅमेऱ्याचे चित्र अनेकांना पुरवण्यासाठी मध्ये प्रॉक्सी सर्व्हर आला आणि गुंता वाढला. प्रॉक्सीने वेळखुणा बदलल्या पण अहवाल जुनाच पुढे पाठवला, तर ओठ आणि आवाज यांची फारकत होते. त्याने मूळ खुणा टाकून पॅकेट पोहोचल्याची वेळ लावली, तर जाळ्यातील विलंब चित्रात उतरतो: दृश्य गोठते, मग धावत सुटते. तिसरा दोष अधिक फसवा आहे. वेळखूण ३२ बिटांची असल्याने दर १३ तास १५ मिनिटे २२ सेकंदांनी ती पुन्हा शून्यावर येते. हे न जाणणाऱ्या सॉफ्टवेअरला काळ मागे गेल्यासारखा वाटतो, प्रवाह तुटतो आणि खापर कॅमेऱ्यावर फुटते.

निदानाची रीत प्रयोगशाळेतलीच आहे: एका वेळी एकच घटक बदलायचा. तोच प्रवाह थेट कॅमेऱ्यातून आणि प्रॉक्सीमार्फत घ्यावा, वेळखुणांतील फरक ताडून पाहावेत. थेट प्रवाहात ३,६०० स्थिर असून प्रॉक्सीनंतर ते डळमळत असतील, तर दोष मध्यस्थाचा. दोन्हीकडे डळमळत असतील, तर प्रॉक्सीच्या आधीच शोध घ्यावा.

दोन्हीकडे फरक स्थिर असूनही घड्याळातली वेळ चुकीची असू शकते. क्वार्ट्‌झ स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असेल, तर दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंदांचा फरक पडतो. भारतीय प्रमाण वेळ नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या आधारे राखते. ‘सर्ट-इन’ने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक प्रणालींची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवण्यास सांगितले, ते यासाठीच महत्त्वाचे. निर्दोष प्रॉक्सीही कॅमेऱ्याची चुकलेली वेळ दुरुस्त करत नाही. ती तशीच, काटेकोरपणे, पुढे पोहोचवते.