दोन चाके, तिसरा पाय : बंडीच्या जुवाखालचा इतिहास

१/
पोळ्याच्या आदल्या दिवशी विदर्भातील शेतकरी बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांवर लोणी किंवा तूप व हळद चोळतात. महाराष्ट्रात हा विधी खांदेमळणी म्हणून ओळखला जातो. सणाच्या दिवशी शिंगे रंगतात, पाठीवर झूल चढते. पण पहिला मान खांद्याचा. वर्षभर राबणाऱ्या जनावराचा दुखरा भाग कोणता, हे या विधीला नेमके ठाऊक आहे. त्या खांद्यावरचा भार कोठून येतो आणि तो उतरवण्याचा उपाय इतक्या उशिरा का सुचला, त्याचा हा इतिहास.

२/
दोन चाकांची कोणतीही गाडी स्वतःच्या बळावर उभी राहू शकत नाही. तिला तिसरा पाय लागतो. नागपूरकडील बंडी सोडली की तिचे तोंड जमिनीवर टेकते किंवा त्याखाली टेकू द्यावा लागतो. जुंपली की तो टेकू म्हणजे बैलांची मान. म्हणजे बैल केवळ ओढत नाही. गाडीचा पुढचा भाग तो उचलूनही धरतो. ओढणे आणि पेलणे ही दोन वेगळी कामे आहेत. वाहनांच्या इतिहासात पहिल्या कामाची चर्चा फार झाली, दुसऱ्याची फार थोडी.

३/
हिशेब सोपा आहे. बंडीवर १,००० किलो माल आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या १५ सेंटिमीटर पुढे आहे असे धरा. आखापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर असेल, तर जुवावर ५० किलो वजन येते. माल आणखी वीतभर पुढे सरकला की ते दुपटीहून अधिक होते. उतारावर भार पुढे झुकतो आणि हा आकडा वाढतो. चढावर उलट घडते : बंडी मागे कलंडू पाहते, जू वर उचलले जाते आणि जोत बैलाच्या गळ्याला आवळते.

४/
म्हणून बंडी भरणे ही एक विद्याच होती. माल मागे जड झाला की गाडी ‘उलाळ’ होते. पुढे जड झाला की बैल मान टाकतात. जाणता गाडीवान पोत्यांची जागा बदलून भार आखाच्या किंचित पुढे आणत असे आणि चढ-उतार पाहून स्वतःही पुढेमागे सरकत असे. हा तोल पुस्तकातून शिकलेला नव्हता. पण त्याने भार कमी करता येई, नाहीसा करता येत नसे. तिसरा पाय मानेचाच राहिला.

५/
भार मानेवरून काढण्याचा उपाय मात्र फार जुना होता आणि तो विदर्भाने प्रत्यक्ष पाहिलाही होता. वर्ष १८०३. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले आणि इंग्रज यांच्यात २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली. त्यानंतर आर्थर वेलस्लीने चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाला वेढा घातला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीला गडाच्या उत्तरेस पोहोचायचे होते. सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतून रस्ता तयार करत, जड तोफा बहुतेक वाट माणसांनी हातांनी ओढून नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

६/
या युगातील युरोपीय पद्धतीचा तोफगाडा हीसुद्धा दोन चाकांचीच गाडी. थांबली की तिची लांब शेपटी जमिनीवर टेके. कूच करताना ती शेपटी दोन चाकांच्या आणखी एका छोट्या गाड्याला आकड्याने अडकवीत आणि जनावरे त्या पुढच्या गाड्याला जुंपीत. परिणाम दुहेरी होता. तोफेच्या शेपटीचे वजन जनावराऐवजी चाकांवर गेले आणि आकड्याभोवती वळता येत असल्यामुळे इतकी लांब जोडणीही वाटेच्या वळणाप्रमाणे वळू लागली. ओढणारा आणि पेलणारा वेगळे झाले. मात्र हा मान तोफेला मिळाला, धान्याच्या बंडीला नाही.

७/
कारण त्या काळी लांबच्या व्यापारात बंडीलाच फारशी जागा नव्हती. नागपूर-वऱ्हाडचा कापूस गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई तो मुख्यतः बैलांच्या पाठीवरून. सुमारे ५०० मैलांची वाट, पक्क्या सडका नाहीत, पावसाळ्यात नद्या अडवून धरणार. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैल घेऊन चालत. एका बैलाच्या पाठीवर दोन-तीन मण माल बसे. त्याच बैलाला चाकांच्या गाडीला जुंपले, तर तो याच्या कितीतरी पट माल ओढतो. पण त्यासाठी आधी रस्ता हवा.

८/
१८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत सडकांच्या कामाला वेग आला आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. रेल्वेमुळे बैल सुटले असे वाटेल, घडले वेगळेच. लांब पल्ल्याचे तांडे ओसरले, पण शेतापासून जिनिंगपर्यंत आणि जिनिंगपासून स्टेशनापर्यंत कापूस बंड्यांनीच यायचा होता. आगगाडीने बंडीचा पल्ला कमी केला आणि काम वाढवले.

९/
रुळांवर मात्र फिरत्या चाकांचा उपाय चांगलाच रुजला. डब्याच्या प्रत्येक टोकाखाली चाकांचा स्वतंत्र, खिळीभोवती फिरणारा संच म्हणजे बोगी. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेवर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी अडीच फुटी रुळांवर बोगीचे डबे चालवले आणि भार असा वाटला, की कोणत्याही आखावर ५ टनांहून अधिक वजन येऊ नये. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात त्या अरुंद रुळांच्या युगाच्या खुणा आजही पाहता येतात. रुळाने किती वजन सोसावे याचा हिशेब काटेकोर होता. तसा हिशेब मानेसाठी कोणी मांडला नव्हता.

१०/
मग रस्त्यांची तक्रार सुरू झाली. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असते. ती अरुंद, सगळा भार दोन बारीक पट्ट्यांवर येतो. शिवाय चाक आखावर सैल फिरत डगमगते, त्यामुळे धाव रस्ता दाबतही जाते आणि घासतही जाते. एकाच जागी शेकडो चाके गेली की चर पडतो. त्या चराला मराठीत चाकोरी म्हणतात. आज ‘चाकोरीबद्ध जीवन’ म्हणताना बंडीची आठवण कोणाला होत नाही. पण शब्द तिचाच आहे.

११/
मोटारी आल्या तशी ही चाकोरी सरकारी प्रश्न बनली. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि डिसेंबर १९४३ मध्ये प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. येथे ठरलेला वीस वर्षांचा आराखडा ‘नागपूर योजना’ म्हणून प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते अशी वर्गवारी तिने रूढ केली आणि दर १०० चौरस किलोमीटरमागे १६ किलोमीटर रस्ता हे उद्दिष्ट ठेवले.

१२/
त्या पिढीच्या अभियंत्यांना लोखंडी धाव नकोशी होती आणि तिच्यावरचा उपाय बाजारात येत होता : हवा भरलेला रबरी टायर. टायरची बैलगाडी बॉल बेअरिंगवर सहज फिरे, रस्ता कापत नसे, धक्के कमी देई. बैलाचे ओढण्याचे कष्ट तिने खरोखरच कमी केले. पण गाडी हलकी चालू लागताच तिच्यावर अधिक माल चढू लागला. दोन चाकांची मांडणी तीच असल्याने ओढण्यात वाचलेला त्रास पेलण्यात परत आला.

१३/
कायद्यातही हीच विषमता दिसते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकाम व ओझेवाहू जनावरांसाठी नियम झाले. मध्यम बैलाच्या दुचाकी गाडीला साध्या चाकांवर ७०० किलो, हवेच्या टायरवर १,०५० किलो आणि बॉल बेअरिंग असल्यास १,४०० किलो अशी मर्यादा त्यांत आहे. चाक सुधारले की मर्यादा दुप्पट! ओढण्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्धच आहे. पण जुवावर किती वजन यावे, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

१४/
तिसरा पायही चाकाचाच करावा, हा विचार मग साधाच वाटतो. अडचण वळणावर येते. पुढे सरळ बसवलेले चाक वळताना आडवे घासते. म्हणून ते उभ्या खिळीभोवती फिरणारे हवे आणि त्याचा आख खिळीच्या थोडा मागे हवा. मग चाक आपोआप ओढीच्या दिशेला वळते. रुग्णालयातील स्ट्रेचरच्या किंवा कार्यालयातील खुर्चीच्या चाकात हेच तत्त्व आहे. वेग वाढला की असे चाक डावी-उजवीकडे थरथरू लागते. त्याला आवर घालायला खिळीशी मुद्दाम थोडे घर्षण ठेवावे लागते.

१५/
विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत या तत्त्वावर मोटारीमागचे एकचाकी ट्रेलर निघाले. सिअर्स कंपनी ‘ऑलस्टेट’ या नावाने ते विकत असे. असा ट्रेलर मोटारीला दोन ठिकाणी जोडला जातो, त्यामुळे तो आडवा मुडपत नाही आणि मागे घेताना त्रास देत नाही; वळायचे काम खालचे फिरते चाक करते. फिरत्या घरासारख्या मोठ्या गाड्यांमागे सामान नेण्यासाठी तिकडचे हौशी कारागीर असे ट्रेलर आजही घरी बनवतात. तिथे टेकू इंजिनाच्या गाडीचा असतो. तिची मान दुखत नाही.

१६/
मग विदर्भाच्या बंडीला हे चाक का लागले नाही? केवळ अनास्था हे उत्तर अपुरे आहे. कपाशीची काळी माती ओली झाली की लहान चाक तिच्यात रुतते आणि चिखलाने भरते. खाचखळग्यांत बैलाची मान वर-खाली होऊन जमिनीशी जुळवून घेते. ताठ बसवलेल्या चाकाला ते जमत नाही. दोन मोठ्या चाकांची बंडी शेतवाटेसाठी शहाणपणाची रचना होती. तिची किंमत मान चुकवत होती, एवढेच.

१७/
ही अट सुटली ती डांबरी रस्त्यावर. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या टायरगाड्यांवर उसाचा प्रचंड भार असतो. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ऑटोमोबाइल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी बैलगाडीच्या पुढच्या भागाखाली आधाराचे चाक बसवून दाखवले. मानेवरचे ओझे चाकावर उतरवणे, हाच त्याचा उद्देश. प्रकल्पाचे नाव ‘सारथी’. जुलै २०२२ मध्ये त्याची छायाचित्रे देशभर पसरली आणि अनेकांनी एकच प्रश्न विचारला : हे आधी कोणाला कसे सुचले नाही?

१८/
उत्तर या धाग्यात विखुरलेले आहे. सुचले होते. तोफेसाठी सुचले, कारण तोफ अडली की मोहीम अडत होती. रुळासाठी सुचले, कारण रूळ वाकला की भांडवल बुडत होते. रस्त्यासाठी टायर आला, कारण रस्ता उखडला की खर्च सरकारच्या वहीत दिसत होता. बैलाच्या खांद्यावरचा घट्टा कोणत्याच वहीत दिसत नव्हता. तंत्र नेहमी गरजेतून जन्मते हे खरे; पण कोणाची गरज मोजली जाते, यावर ते कोठे पोहोचते हे ठरते.

१९/
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. ही प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केल्याचे परंपरा सांगते. मुले नटूनथटून लाकडी बैल दोरीने ओढत मिरवतात. त्या बैलाच्या मानेवर जू नसते आणि त्याच्या चारही पायांखाली चाके असतात. खऱ्या बैलाच्या वाट्याला मात्र शतकानुशतके खांदेमळणीची हळदच आली. ती कृतज्ञता खरी होती. तिच्या जोडीला एक चाक यायला २०२२ उजाडावे लागले.